बार्बीच्या शिवणकामासाठी तुळशीबाग आणि रविवार पेठ: काय घ्यावं, काय सोडावं

साडेअकरा इंची फॅशन बाहुलीचे कपडे आणि दागिने घरी करणाऱ्यांना पुण्यात तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ हा टापू पुरेसा आहे. कापड, लेस, मणी, टिचबटणं, देवांचे इवले दागिने सगळं चालत जाण्याच्या अंतरात मिळतं. अडचण एकच: हा माल बाहुलीसाठी म्हणून कुणी मांडलेला नसतो. दुकानदाराला 'बाहुलीसाठी काही दाखवा' म्हटलं तर तो जाड नेट आणि चकचकीत सॅटिन पुढे करतो, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी घ्यायच्या नसतात. म्हणून जाताना मोजपट्टी न्या, जमलं तर बाहुलीच न्या.

१९५९ साली बाजारात आलेली बार्बी माणसाच्या साधारण एक षष्ठांश मापाची आहे. माणसाच्या साडीचा दोन इंची काठ तिच्या अंगावर जेमतेम आठ मिलिमीटरचा हवा. साडेपाच मीटरच्या साडीचे हिशेबाने ९२ सेंटिमीटर होतात, पन्ना १९ सेंटिमीटर. पण तेवढी लांबी नेसवली की कमरेशी गाठोडं होतं, कारण माप सहा पटींनी कमी केलं तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. लांबी ७० सेंटिमीटरवर आणावी, निऱ्या आधी घालून, इस्त्रीने दाबून वरच्या टोकाशी टीप मारावी आणि कमरेत खोचला जाणारा भाग मलमलीचा जोडावा. बाजारातली प्रत्येक वस्तू हातात घेताना हाच विचार करायचा: हिची जाडी आणि नक्षी सहा पट मोठी करून माणसावर कशी दिसेल?

या कसोटीला सगळ्यात चांगली उतरते ती मलमल. रविवार पेठेत कापडगंजच्या बाजूला आणि लक्ष्मी रस्त्यावर ती सहज मिळते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन पदर धरून चोळून बघा. घडी उभी राहत असेल तर खळ जास्त आहे, धुतल्यावर कापड विरळ पडेल. अस्तरासाठी पांढरी मलमल अर्धा मीटर घेतली की बरेच दिवस पुरते. केंब्रिक, म्हणजे मलमलीपेक्षा घट्ट विणीचं सुती कापडही चालतं, पण घेरदार फ्रॉकलाच. अंगाला लागून पडणाऱ्या कपड्यात ते फुगून राहतं. नक्षी तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठी नको. गादीपाटाच्या चादरीवरचं फूल बाहुलीच्या छातीवर आख्खं मावत नाही. टीशर्ट किंवा चिकटून बसणाऱ्या ड्रेससाठी नवं होजिअरी कापड घेण्यापेक्षा जुन्या पातळ बनियनचं कापड सरस ठरतं. सॅटिन मात्र सोडा. कडेने सुटतं, सुईखाली सरकतं, आणि त्याची चमक एवढ्याशा अंगावर फार भडक दिसते.

खणाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण नऊवारी किंवा परकर-पोलकं करणारे सगळे आधी खणाकडेच वळतात. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा माल; बारीक विणलेली नक्षी आणि अंगचा काठ यामुळे बाहुलीसाठी तो आयताच जमून येतो. तुळशीबागेत हल्ली खणाच्या नावाने छापील पॉलिस्टरही विकलं जातं. उलटी बाजू बघा: खऱ्या खणात मागे नक्षीचे सुटे धागे दिसतात, छापील कापडाची मागची बाजू सपाट आणि फिकी असते. पण हेच मागचे धागे बाहुलीची बोटं अडकवतात. बाही चढवताना अंगठा धाग्यात गुंतला की नक्षीचा एक धागा ओढला जातो आणि समोर रेघ उमटते. त्यासाठी खणाच्या पोलक्याला मलमलीचं पूर्ण अस्तर द्या, आणि कपडा घालताना बाहुलीच्या पंजावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. खण कापल्याबरोबर सुटायला लागतो. कापण्याआधीच रेघेवर पातळ केलेला फेविकॉल ब्रशने फिरवावा, वाळू द्यावा, मग कात्री लावावी.

खणाचा दुसरा दोष रंगाचा. मरून, काळा, गडद निळा आणि राणी रंग बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि तो डाग धुऊन जात नाही. घरी आणल्यावर आधी पांढरं ओलं फडकं कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही लागत असेल तर अस्तराशिवाय ते बाहुलीच्या अंगाला लावू नका. काळ्या मलमलीचं अस्तर तर कधीच नको.

ब्लाउजपीस ही इथली सगळ्यात किफायतशीर खरेदी. ८० सेंटिमीटर बाय १ मीटरच्या तुकड्यात पूर्ण घेराचे नऊ स्कर्ट निघतात. हिशेब असा: बाहुलीची कंबर ९ सेंटिमीटर धरली, तर शिलाईची रेघ १.७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर येते आणि कापायचं आतलं वर्तुळ १.२ चं. शिलाईच्या रेघेचा घेर पावणेअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मागच्या शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर गेला की कंबर आणि टिचबटणाच्या पट्टीपुरता पाऊण सेंटिमीटर उरतो. स्कर्टची उंची साडेदहा, खालची दुमड अर्धा सेंटिमीटर. म्हणजे २६ सेंटिमीटरचे चौकोन. उरलेल्या पट्टीत चोळीचे भाग बसतात. कापण्याआधी आपल्या बाहुलीची कंबर दोऱ्याने मोजून घ्याच. २०१६ पासून बार्बी कर्व्ही, उंच आणि बुटक्या अंगाचीही येते, आणि एकीचा कपडा दुसरीला होत नाही.

शिवताना चुकतं ते क्रमात. खांदे जोडा, बाह्या कापड सपाट असतानाच लावा, मग बाही आणि कूस एकाच टिपेत शिवा, स्कर्ट जोडा, आणि मागची शिवण सगळ्यात शेवटी. ती नितंबाच्या खालपर्यंत उघडी ठेवा, नाहीतर कपडा चढतच नाही. कमरेच्या आतल्या वर्तुळाला दर तीन मिलिमीटरवर चीर द्या, शिलाईच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबून. या चिरा नसल्या की कमरेशी सुरकुत्या पडतात. मशीनला ११ नंबरची सुई, दीड मिलिमीटरची टीप. मलमलीचं टोक सुईच्या भोकात ओढलं जात असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवा, सुरुवात कापडाच्या एका चिंधीवर करा आणि तिथूनच न थांबता कपड्यावर या. पेपर नंतर फाडून काढता येतो. बाहीच्या वळणावर पायडलऐवजी हाताने चाक फिरवलेलं बरं.

लेस आणि बटणांसाठी रविवार पेठ. इथे माल घाऊक असल्याने लेसचा आख्खा रोळ घ्यावा लागतो, आणि बाहुलीच्या एका घेराला फार तर पाऊण मीटर लागते. दोघी-तिघींनी मिळून घेणं शहाणपणाचं. रुंदी एक सेंटिमीटरच्या आत हवी, नाडीसारखी जाड सुती लेस नको. पातळ नायलॉनची, दोन्ही बाजूंनी सारखी नक्षी असलेली मधून कापून दोन अरुंद लेस करता येतात. टिचबटणं मागताना सगळ्यात लहान माप सांगा, पाच-सहा मिलिमीटरचं. पुढ्यात येतं ते बहुधा ब्लाउजचं असतं. पुढे दिसणाऱ्या बटणांसाठी दोन मिलिमीटरचे काचमणी लावा. माणसाच्या हिशेबाने ते सव्वा सेंटिमीटरचे बटण दिसतात. वेल्क्रो टाळा, केस आणि लेस दोन्ही त्यात अडकून खराब होतात.

दागिन्यांत मात्र तुळशीबागेला तोड नाही. गौरींचे दागिने मापाने मोठे पडतात. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेसाठी मांडलेले हार बघा. मूर्तीच्या गळ्यात साधा दिसणारा हार बाहुलीला राणीहार होतो. तो अखंड दोऱ्यात ओवलेला असला तर डोक्यावरून जात नाही, केसांत अडकतो. मागे कापून दोन्ही टोकांना दोरा बांधा. माणसांच्या नाकातली चमकी लॉकेटला शोभते. उघड्या तोंडाची जोडवी दाबून लहान केली की वाकी तयार, फक्त ती ब्लाउजच्या बाहीवरून चढवा. मंगळसूत्राला सगळ्यात बारीक काळे मणी आणि दोन सोनेरी मणी एवढंच पुरतं. नथीसाठी नाकाला भोक पाडू नये, मेणाच्या टिपक्याने ती बसते आणि निघतेही.

धातू थेट बाहुलीच्या त्वचेवर फार काळ ठेवू नका. साठच्या दशकातल्या बार्बीच्या कानांत धातूचे डूल होते आणि ते गंजून कानाभोवती हिरवे डाग पडले. जुन्या बाहुल्या जमवणारे आजही ते डाग घालवायला धडपडतात. पितळी मुलाम्याच्या माळेचं तेच होईल. गळ्याशी चिकटून बसणारी ठुशी करायची असेल तर मागे मलमलीची अरुंद पट्टी शिवा, आणि फोटो झाला की दागिने काढून ठेवा.

चपलांच्या सामानाची आशा इथे धरू नये. रेक्झिन जाड असतं, एक षष्ठांश मापात वळत नाही. दोन मिलिमीटरची फोम शीट त्यापेक्षा बरी, ती हस्तकलेच्या दुकानात मिळते. तळवा कापण्याआधी पाय बघा, काही बार्बींचे टाच उचललेले असतात, काहींचे सपाट.

मंडई मेट्रो स्थानकावर उतरून तुळशीबाग पायी गाठता येते, गाडी आणू नये. देवांच्या दागिन्यांची निवड गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत सगळ्यात मोठी असते, गर्दीही तशीच. लेस आणि कापडाला मात्र कामाच्या दिवशी सकाळी जावं, तेव्हा दुकानदार रोळ उलगडून दाखवतात आणि दारात उजेडात रंग पाहू देतात.