भिशी, पिग्मी की आरडी: महिन्याचे दोन हजार कुठे टाकायचे?

गल्लीतली भिशी नव्याने सुरू होतेय, रोज थोडे थोडे पैसे गोळा करणारा पतसंस्थेचा पिग्मीवाला दुकानाच्या दारात येतो आणि बँकेच्या ॲपवर आरडी, म्हणजे दरमहा ठरलेल्या हप्त्याची ठेव, दोन मिनिटांत उघडते. कोल्हापुरात महिन्याला दोन-चार हजार बाजूला पडणाऱ्या माणसापुढे हे तीन रस्ते असतात. बोलणं मात्र बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर अडकतं, व्याज कुठे जास्त.

तो हिशोब आधी उरकून टाकू. बाराजणांची चिठ्ठीची भिशी, हप्ता २,०००, म्हणजे दरमहा ज्याची चिठ्ठी निघेल त्या एकाला २४,०००. तुमची चिठ्ठी अगदी शेवटी निघाली तर वर्षभर भरलेले २४,००० तेवढेच परत. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आरडीत टाकले असते तर साधारण साडेआठशे रुपये जास्त आले असते. नुकसान एवढंच. उलट पहिल्याच महिन्यात चिठ्ठी निघाली तर इतरांचे २२,००० बिनव्याजी वापरायला मिळाले, ना कागदपत्रं ना प्रोसेसिंग फी. म्हणजे सुरुवातीचे नंबर कर्जदार आणि शेवटचे नंबर सावकार, तेही फुकटातले. साडेआठशे रुपयांसाठी भिशी सोडावी असं काही नाही. धोका आहे तो मुद्दलाला.

भिशी फुटते ती जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीने. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात भिशी उचललेला माणूस सहाव्या-सातव्या महिन्यापासून हप्ता टाळू लागतो. २४,००० चे २२,००० होतात. ते बघून भिशी उचललेला आणखी एखादा हात आखडतो आणि ज्यांची चिठ्ठी अजून निघाली नाही त्यांच्यावर सगळा भार येतो. म्हणून नवख्याला शेवटचे नंबर द्यायचे, चिठ्ठी टाकायचीच असेल तर आधी ओळखीच्यांत. नवख्याला लवकर हवी असेल तर जुन्या सभासदापैकी कुणीतरी त्याची हमी घ्यायची आणि ते वहीत लिहून ठेवायचं. हप्ता चुकला तर कोण भरणार हे पहिल्या बैठकीत ठरवा, सातव्या महिन्यात ठरवायला बसलात तर भांडणच होणार.

यूपीआयमुळे एक चांगली सोय झाली आहे, पण ती फार थोड्या भिश्या वापरतात. सगळे पैसे आधी चालवणाऱ्याच्या खात्यात आणि मग उचलणाऱ्याकडे, असा फेरा कशाला? प्रत्येकाने थेट त्या महिन्याच्या उचलणाऱ्यालाच पाठवावेत, शेऱ्यात 'भिशी' आणि महिन्याचं नाव टाकावं. चालवणाऱ्याकडे फक्त वही राहते, रक्कम कधीच साठत नाही. स्क्रीनशॉटवर मात्र हिशोब मिटवू नका, तो बनावटही करता येतो. उचलणाऱ्याने स्वतःच्या खात्यात जमा बघूनच ग्रुपवर 'मिळाले' लिहायचं.

तारीखही जपून ठरवा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या पगारदारांना महिन्याची ७ ते १० तारीख सोयीची. करवीर-कागलकडच्या दूध घालणाऱ्यांचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, त्यांच्यासाठी बिलानंतरचा दुसरा दिवस. फक्त उसाच्या बिलावर अवलंबून असलेल्याने मासिक भिशीत शिरूच नये. पैसा हंगामात एकदम येतो, हप्ता मात्र बाराही महिने.

लिलावाची भिशी हे वेगळंच प्रकरण आहे. वीसजण, हप्ता ५,०००, भिशी एक लाखाची. गरजवंत बोली लावतो, 'मला ८० हजारच द्या'. सोडलेले २०,००० वीसजणांत वाटले जातात, म्हणजे त्या महिन्याचा हप्ता ४,०००. सोडलेली रक्कम दरमहा हजाराने उतरत गेली आणि शेवटच्याला पूर्ण लाख मिळाला असं धरा. पहिल्याने स्वतःचा हप्ता वजा जाता ७६,००० नेले आणि पुढे साडेपंच्याऐंशी हजार भरले. शेवटच्याने साडेएकोणनव्वद हजार भरून लाख घेतला. दोघांच्या बाजूने व्याजाचा दर वर्षाला १४ टक्क्यांच्या घरात जातो. चालवणारा महिन्याला २,००० कमिशन काढत असेल तर प्रत्येकाचे वीस महिन्यांत साधारण दोन हजार त्याच्याकडे गेले. चौदा टक्के ऐकून हुरळू नका. बोली जितकी मोठी, तितका उचलणारा अडचणीत, आणि तुमचं व्याज त्याच्याच पुढच्या हप्त्यांतून यायचंय.

कायद्याचा फरकही इथेच आहे. सगळ्यांना आळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते चालू राहतात, अशी साधी भिशी चिट फंड कायदा, १९८२ मधल्या 'चिट'च्या व्याख्येत बसत नाही. लिलावाची बसते आणि तिला नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्या लिलावात पैसे अडकले तर तक्रार घेऊन जाताना आपणच अवघडतो.

पिग्मी ही व्याजासाठी नाहीच. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या दुकानदाराचा गल्ला रोजचा असतो. महिनाअखेर तीन हजार बाजूला निघत नाहीत, पण रोज शंभर निघतात. दाराशी येणाऱ्या माणसाचं मोल तेवढं. व्याज बेताचं, आणि मुदतीआधी, विशेषतः सहा महिन्यांच्या आत मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज जातं, वर कमिशनही कापतात. खरा उपयोग पुढे कर्जाला होतो, कारण रोजच्या भरण्यावरून संस्थेला तुमचा धंदा कळतो. बिघडतं ते एजंटपाशी: पैसे घेतले, मशीनवर चढवलेच नाहीत. पावती किंवा एसएमएस त्याच क्षणी बघा आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन शिल्लक ताडा. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. नावं सारखी वाटतात, म्हणून पासबुकवर नीट वाचा.

आरडीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, तीच तिची जमेची बाजू. खात्यातून आपोआप कटते, फक्त त्या तारखेला शिल्लक हवी. पोस्टाची पाच वर्षांची, महिना १०० रुपयांपासून. ६.७ टक्क्यांनी महिना हजार भरले तर ६०,००० चे ७१ हजारांच्या थोडे वर होतात. पण तीन वर्षांआधी ती बंद करता येत नाही आणि त्यानंतर मुदतीआधी काढली तर फक्त बचत खात्याचा दर. बँकेची आरडी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर मोडता येते, आणि लोक मोडतातही. भिशी तशी मोडता येत नाही. बाराजणांपुढे तोंड दाखवायचं असतं.

तेव्हा सहा महिन्यांत फ्रीज, फी किंवा लग्नाचा आहेर असा ठरलेला खर्च असेल आणि माणसं वर्षानुवर्षं ओळखीची असतील तर चिठ्ठीची भिशी, पण सुरुवातीचा नंबर मागून घ्या. शेवटचा मिळणार असेल आणि गरज लांबची असेल तर आरडीच बरी. रोजचा गल्ला असेल तर पिग्मी, पण दरवर्षी काढून बँकेत मुदत ठेव करा. गुजरीतल्या सराफांच्या 'अकरा हप्ते भरा, बारावा आमचा' छाप योजना या तुलनेत येत नाहीत. तिथे पैशाचा शेवट दागिन्यात आणि मजुरीत होतो, घ्यायचाच असेल तर वेगळी गोष्ट.

आरडीला नि पिग्मीला वारसाचं नाव लावता येतं, भिशीला असा फॉर्म नाही. किती हप्ते भरले, उचलली की नाही आणि चालवणाऱ्याचा नंबर हे घरातल्या एकाला तरी माहीत हवं, आणि वहीत तुमच्या नावापुढे त्यांचंही नाव लिहून घ्या.