चौकटीतलं प्रमाणपत्र आमच्या कोर्सचं नव्हतंच

कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश घेताना "कोर्स अ‍ॅक्रेडिटेड आहे" आणि "शंभर टक्के प्लेसमेंट आहे" या दोन गोष्टी ऐकून घरातलं कुणी फी भरायला निघालं असेल, तर आधी हे वाचा. माझी आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांची फसवणूक याच दोन गोष्टींवर झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण ती त्या एकाच संस्थेत वापरली जाते असं नाही.

माझी पदवी कॉम्प्युटर सायन्सची. प्रवेशाच्या वेळी हातात दिलेल्या माहितीपत्रकात एका नामांकित अ‍ॅक्रेडिटेशन मंडळाच्या, म्हणजे कोर्सचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, प्रमाणपत्राचा रंगीत फोटो होता. तेच प्रमाणपत्र प्रवेश कक्षाच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. बाबांनी तिथल्या समुपदेशकाला सरळ विचारलं, "हे हिच्या कोर्सला लागू आहे ना?" तो म्हणाला, "साहेब, अख्ख्या डिपार्टमेंटला आहे. परदेशात मास्टर्सला जा, नोकरीला जा, कुठेही अडणार नाही." बाबांनी कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या त्या या उत्तरावर.

पदवी हातात आल्यावर मी परदेशातल्या एका व्यावसायिक संघटनेकडे शैक्षणिक पात्रता तपासून घ्यायला अर्ज केला. अर्जात तीन गोष्टी विचारल्या होत्या: कोर्सचं पदवीवर छापलेलं नेमकं नाव, कोणत्या कॅम्पसवर शिकलात, आणि कोणत्या वर्षी प्रवेश घेऊन कोणत्या वर्षी पास झालात. काही दिवसांनी उत्तर आलं की या नावाचा कोर्स मान्यताप्राप्त यादीत नाही. मी संस्थेत फोन केला. "आमच्याकडे सर्टिफिकेट आहे, त्यांचीच काहीतरी गडबड असेल," असं सांगून फोन ठेवला गेला. मग मी थेट अ‍ॅक्रेडिटेशन मंडळाला लिहिलं. त्यांनी मूळ प्रमाणपत्राची प्रत पाठवली.

त्या प्रतीवर शिक्क्याच्या खाली दोन ओळी होत्या. पहिलीत कोर्सचं नाव: कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मुख्य कॅम्पस. दुसरीत मुदत, जी आम्ही दुसऱ्या वर्षात असतानाच संपली होती. माहितीपत्रकातला फोटो बरोबर शिक्क्याच्या कडेला कापलेला होता. भिंतीवरच्या चौकटीत काचेमागे जी रुंद पांढरी पुठ्ठ्याची पट्टी होती, तिच्याखाली नेमक्या या दोन ओळी जात होत्या. मी पुन्हा जाऊन मुद्दाम पाहिलं. वरच्या बाजूची पट्टी बोटभर रुंद, खालची त्याच्या तिप्पट. हे चुकून होत नाही.

आता अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या, कारण फसवणारा याच अज्ञानावर जगतो. विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार असणं वेगळं आणि एखाद्या विशिष्ट कोर्सचा दर्जा बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन तपासलेला असणं वेगळं. आमचं विद्यापीठ खोटं नव्हतं, पदवीही खोटी नाही. खोटं होतं ते दुसऱ्या प्रकारच्या मान्यतेचं चित्र. अमेरिकेतली अ‍ॅबेट ही संस्था कॉलेजला नाही, एकेका प्रोग्रॅमला मान्यता देते, आणि तीही कायमची नाही. जास्तीत जास्त 6 वर्षांनी पुन्हा सगळी तपासणी होते. पहिली तुकडी बाहेर पडायच्या आधीच एखादा नवा कोर्स "अ‍ॅबेट मान्य" म्हणवत असेल, तर तिथेच थांबा. किमान एक पदवीधर बाहेर पडल्याशिवाय ती मान्यता मिळत नाही. ब्रिटनमध्ये संगणक शाखेसाठी बीसीएस ही संघटना हे काम करते. तिथे मान्यता पूर्ण किंवा अंशतः असू शकते, म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन कोर्सेसचा दर्जा वेगळा असू शकतो.

कोर्सच्या नावातला छोटा फरकही साधा नसतो. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता मिळते ती 1989 च्या वॉशिंग्टन अकॉर्ड या आंतरराष्ट्रीय करारामुळे. संगणक आणि आयटीच्या पदव्यांसाठी वेगळा सोल अकॉर्ड आहे. तो 2008 मध्ये कोरिया, जपान, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या मान्यता देणाऱ्या संस्थांनी मिळून केला. म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या कागदावर कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी पुढे जाऊच शकत नाही. "आपला देश अकॉर्डमध्ये आहे" एवढं ऐकूनही भागत नाही. भारताचं नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन 2014 मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचं कायम सदस्य झालं, पण त्याचा फायदा टिअर वन, म्हणजे मुख्यतः स्वायत्त संस्था आणि विद्यापीठं, अशा संस्थांमधल्या मान्यताप्राप्त कोर्सेसनाच मिळतो. समुपदेशक पहिलं अर्धं वाक्य सांगतो आणि दुसरं गिळतो.

आमच्या माहितीपत्रकात आणखी शिक्के होते. आयएसओ 9001 चा शिक्का व्यवस्थापनाच्या पद्धतीबद्दल असतो, अभ्यासक्रमात काय शिकवतात याच्याशी त्याचा संबंध नाही. आयट्रिपलई किंवा एसीएम या इंजिनिअर आणि संगणक-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचा स्टुडंट चॅप्टर म्हणजे विद्यार्थ्यांचा गट, मान्यता नव्हे. "एसीएमच्या अभ्यासक्रमानुसार" असं कुणीही लिहू शकतं, कारण ती मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांसाठी खुली आहेत. आणि कुणी "युनेस्को मान्य" असं म्हणालं, तर सरळ उठून या. युनेस्को कुठल्याही विद्यापीठाला मान्यता देत नाही.

काही जण तर मान्यता देणारं मंडळच खोटं उभं करतात. 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्सॅक्ट कंपनीचं प्रकरण उघड केलं, तेव्हा शेकडो बनावट शाळा-विद्यापीठांच्या वेबसाइट्सच्या जोडीला बनावट अ‍ॅक्रेडिटेशन संस्थाही निघाल्या. खऱ्या मंडळावरही डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेत एसीआयसीएस नावाच्या मंडळाची सरकारी मान्यता 2016 मध्ये काढली गेली, मग परत दिली गेली आणि 2022 मध्ये कायमची गेली. म्हणून "मान्यता आहे का" एवढ्यावर थांबू नका, "कुणाची, आणि त्यांना कुणाची" हेही विचारा.

आता प्लेसमेंट. माझ्या मते यात माणूस जास्त नागवला जातो, कारण कर्ज फेडायचं असतं ते पगारातून.

पास झाल्यानंतरच्या वर्षीचं माहितीपत्रक एका मैत्रिणीने पाठवलं. त्यात प्लेसमेंटच्या पानावर माझा फोटो होता, खाली एका मोठ्या कंपनीचा लोगो आणि "निवड झालेली विद्यार्थिनी" असा मजकूर. त्या कंपनीत मी सुट्टीत काही आठवडे बिनपगारी प्रशिक्षण घेतलं होतं, तेवढाच माझा संबंध. नोकरी मिळाली नव्हती आणि फोटो वापरायला मला कुणी विचारलंही नव्हतं. त्याच पानावर एका मुलाचा फोटो दोनदा होता, कारण त्याला दोन ऑफर होत्या. आकडा मोजताना ते दोन धरले होते. दोन जण कॉलेजच्याच लॅबमध्ये कंत्राटी मदतनीस होते, तेही यादीत. आणि शंभर टक्के कशाचे? तर "प्लेसमेंटसाठी पात्र" विद्यार्थ्यांचे. पात्रतेची गुणांची अट शेवटच्या वर्षात वाढवली, की अर्धा वर्ग हिशेबातून आपोआप बाहेर. भागाकारातला खालचा आकडा आपल्याला हवा तसा घेतला, की शंभर टक्के कुणालाही जमतात.

ही चलाखी जुनीच आहे. अमेरिकेत डेव्ह्राय विद्यापीठ जाहिरात करायचं, की नोकरी शोधणाऱ्या आमच्या 90 टक्के पदवीधरांना 6 महिन्यांत त्यांच्याच क्षेत्रात नोकरी मिळते. ज्यांची नोकरी आधीपासूनच होती त्यांनाही यात धरलं आणि खरोखर शोधणाऱ्या काहींना वगळलं, असा फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहक-संरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेचा आरोप होता. 2016 मध्ये 10 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2019 मध्ये फिनिक्स विद्यापीठाने 19.1 कोटी डॉलरची तडजोड केली. मायक्रोसॉफ्ट, ट्विटर अशा कंपन्यांशी आपलं नोकऱ्यांचं साटंलोटं असल्याचा भास जाहिरातीतून निर्माण केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पानभर लोगो पाहिले की मला आता हेच आठवतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरी मान्यता असती तर मला नोकरी मिळालीच असती असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये संगणकशास्त्रज्ञ नायजेल शॅडबोल्ट यांनी 2016 मध्ये नेमका हाच विषय तपासला: संगणकाच्या पदव्यांची मान्यता आणि पदवीधरांना मिळणारं काम. मान्यताप्राप्त कोर्सेस असूनही तिथे संगणकाच्या पदवीधरांमध्ये बेकारी इतर शाखांपेक्षा जास्त होती. अनेक कंपन्यांना मान्यतेबद्दल फारसं माहीतही नव्हतं. खरा फरक पडत होता तो शिकताना मिळालेल्या कामाच्या अनुभवाने. मग आमचं नुकसान काय झालं? परदेशातला अर्ज अडला ते एक. दुसरं जास्त खोल आहे. खरी तपासणी झाली असती तर शिकवण्यातल्या पळवाटा उघड झाल्या असत्या. बीसीएसच्या मान्यतेत प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र प्रोजेक्ट असावा लागतो आणि त्यात पास व्हावंच लागतं, इतर विषयांच्या गुणांनी तो भरून काढता येत नाही. आमच्याकडे मोठे गट, वर्षानुवर्षांचे तेच विषय, आणि कोड न उघडता वहीवर सही. मुलाखतीत "हे तुम्ही स्वतः कसं केलं" या प्रश्नापाशी आमच्यातली हुशार मुलंही अडकली. ती कमी हुशार नव्हती. पैसे घेऊन त्यांना ते शिकवलंच गेलं नव्हतं.

प्रवेशाआधी संस्थेला ईमेल करा, तोंडी विचारू नका. पदवीवर जे नाव छापलं जाणार त्याच नावाने, त्याच कॅम्पसच्या उल्लेखाने मान्यता कधीपासून कधीपर्यंत आहे, ते लेखी मागा. मग संस्थेच्या नव्हे, त्या मंडळाच्या वेबसाइटवर जाऊन शोधा. अ‍ॅबेटसारख्या मंडळांच्या याद्या सगळ्यांना खुल्या असतात. मुदत मध्येच संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केलाय का, ते मंडळालाच विचारा. "अर्ज केला आहे" म्हणजे मान्यता नव्हे. प्लेसमेंटबद्दल टक्केवारी मागू नका. अंतिम वर्षात एकूण किती जण होते, त्यांपैकी किती जण पगारी, पूर्णवेळ आणि संगणकाच्याच कामावर लागले, आणि मधला पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा) किती, हे मागा. सर्वांत मोठा पगार एकाचाच असतो आणि सरासरी त्या एकामुळे फुगते. ब्रिटनमध्ये पदवीनंतर 15 महिन्यांनी पदवीधरांनाच विचारून माहिती गोळा करतात. तुम्हीही गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं शोधा आणि त्यांच्याशी बोला, पण ती माहितीपत्रकात फोटो नसलेली असू द्या.

आमच्या तक्रारीत आत्तापर्यंत एवढं झालं आहे. मंडळाने संस्थेला प्रमाणपत्राचा फोटो काढायला लावला. फी परत करण्याच्या मागणीवर संस्थेचं म्हणणं आहे की असं आश्वासन कधी दिलंच नव्हतं. याला आमच्याकडे उत्तर आहे ते एकाच गोष्टीमुळे: वर्गातल्या काही जणांच्या घरी त्या वर्षीचं छापील माहितीपत्रक, फीच्या पावत्या आणि समुपदेशकाचे मेसेज अजून आहेत. ज्यांची अशी फसवणूक झाली आहे त्यांनी यातलं काहीही टाकून देऊ नये. वेबसाइटवरची पानं रातोरात बदलतात, त्यामुळे त्यांचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा आणि तक्रार संस्थेकडे करायच्या आधी मंडळाकडे करा.