रीफ टँकला यूव्ही लावावा का? लावा, पण त्या निळ्या खिडकीवर विसंबू नका

"दिवा पेटतोय ना मॅडम? मग युनिट ओके आहे." सर्व्हिसवाल्याने हे एकच वाक्य इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी वैतागून लिहायला बसले. रीफ टँक म्हणजे कोरल वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि यूव्ही म्हणजे तिचं पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवून जंतू-शेवाळ मारणारं यंत्र. वॉट, पाइपचा साइज, लांबी-रुंदी हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझा राग आहे तो त्या पारदर्शक खिडकीवर. आतला निळा उजेड दिसावा म्हणून बहुतेक यूव्हींना ती दिलेली असते आणि आपण जाता-येता तिकडे बघून निर्धास्त होतो. जंतूंचा डीएनए बिघडवणारे किरण 254 नॅनोमीटरचे, म्हणजे यूव्ही-सी. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. (खात्री करायला कव्हर काढून डोकावू नका, डोळ्यांना इजा होईल.) दिसतो तो दिव्यातल्या पाऱ्याच्या वाफेचा वेगळा, निळा उजेड. दिवा जुना होत जातो तसा यूव्ही-सी घटत जातो, निळा मात्र ठणठणीत! दिव्याचं कामाचं आयुष्य साधारण 8,000 ते 9,000 तास, आणि चोवीस तास चालवला तर वर्षाचे होतात 8,760. म्हणजे खिडकी काहीही म्हणो, वर्षाला दिवा बदलायचा. तास मोजणारं साधं मीटर बसवायला कंपनीला काय होतं, देव जाणे. खिडकी मात्र हौसेने देतात.

मुळात हे यंत्र घेतलं ते डायनोंसाठी (डायनोफ्लॅजेलेट, वाळूवर माजणारे एकपेशीय जीव). वाळूवर तपकिरी चिकट जाळं, त्यात बुडबुडे, शंखशिंपले मलूल. मायक्रोस्कोपखाली तिळासारखे दाणे एका टोकाशी बांधल्यागत जागच्या जागी झुलताना दिसले, म्हणजे ऑस्ट्रिओप्सिस जातीचे डायनो. हे रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात, तेव्हाच यूव्हीच्या तावडीत सापडतात. म्हणून पाणी संपमधून (खालच्या गाळणीच्या टाकीतून) न घेता थेट डिस्प्लेमधून (मुख्य टाकीतून) घेतलं आणि तिथेच परत सोडलं. आठवड्याच्या आत सकाळची वाळू पांढरी! खरं सांगते, इतका पटकन फरक मी या छंदात क्वचितच पाहिलाय. पण तुमच्याकडे मोठ्या पेशींचा ॲम्फिडिनियम हा डायनो असेल तर पैसे वाचवा. तो वाळूतच बसून राहतो, पाण्यात येतच नाही, मग दिवा कोणाला मारणार? आधी मायक्रोस्कोप, मग खरेदी.

काही महिने मजेत गेले. मग पाण्यात पुन्हा धुरकटपणा, काच दोन दिवसांत हिरवी. खिडकीत निळा उजेड, सर्व्हिसकडून तेच वाक्य. दिव्याचे तास संपायला अजून बराच अवकाश होता, म्हणून शेवटी मीच उघडलं. टोपणाभोवती मिठाचा खडबडीत कठडा, ते फिरवायला अर्धा तास. आतली क्वार्ट्झ स्लीव्ह (दिव्याभोवतीची काचेची नळी) बाहेर काढली तर तिच्यावर पांढुरका खरखरीत थर आणि त्यावर तपकिरी बुळबुळ. नखाने ओरखडा काढला तेव्हा कुठे काच दिसली. साधी काच यूव्ही-सी अडवते म्हणून महागाची क्वार्ट्झ वापरायची, आणि तिच्यावरच असं प्लास्टर चढू द्यायचं! रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी मऊ फडक्याने पुसली, लख्ख. पाणी काही दिवसांत निवळलं. दिवा तोच, निळा उजेड तोच.

हे लिहून झाल्यावर मध्ये काही आठवडे गेले, आणि तेवढ्यात मत थोडं बदललंय. नव्या टँग माशाबरोबर इक (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) आला. यूव्ही चालू, स्लीव्ह स्वच्छ, तरी माशांवर पांढरे ठिपके. याला यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. हा परजीवी माशाच्या कातडीत असतो तेव्हा सुरक्षित, खाली दगड-वाळूवर कवच करून बसतो तेव्हाही सुरक्षित. फक्त कवचातून सुटून नवा मासा शोधत पोहतो त्या एखाद-दोन दिवसांत तो दिव्यासमोर येऊ शकतो. तेही बहुतेक अंधारात सुटतात, मासे शेजारच्याच कपारीत झोपलेले. यूव्हीपर्यंत जायची त्यांना गरजच काय? संख्या थोडी कमी होते, एवढंच. मासे वेगळ्या टाकीत काढून तांब्याचा उपचार करावा लागला. रीफमध्ये तांबं टाकायची सोय नाही, कोरल आणि गोगलगायी मरतात. तेव्हा "यूव्ही आहे, क्वारंटाईन कशाला" म्हणणाऱ्या दुकानदाराला लांबूनच नमस्कार करा.

फ्लोचंही तसंच. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा सहसा शेवाळ-जंतूंसाठीचा असतो. परजीवींना डोस बराच जास्त लागतो, आणि फ्लो दुप्पट केला की डोस निम्मा होतो. त्यामुळे मोठ्या पंपाच्या नादी लागू नका, एक व्हॉल्व्ह लावून वेग कमी करा, स्वस्तात काम होतं.

चांगले बॅक्टेरिया मरतात ही भीती मात्र फुकाची. अमोनिया-नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया दगडाला, वाळूला चिकटलेले असतात, पाण्यात फिरत नाहीत. बाटलीतले बॅक्टेरिया किंवा फायटो (जिवंत सूक्ष्म शेवाळ) टाकाल तेव्हा काही तास बंद ठेवा. रोज चालू-बंद करायच्या भानगडीत पडू नका, दिवा लवकर जातो.

पुन्हा घेईन? घेईन, पण दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सुटणारा पाइपचा जोड) असलेलं, पाइप न कापता स्लीव्ह निघेल असं. माझ्या युनिटची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी रिंग) त्या उघडझाकीत चपटी झाली आणि आता थेंब थेंब गळतेय. सुटी रिंग मिळत नाही म्हणे, दिव्याच्या सेटबरोबरच घ्यायची. तीन वेळा मेल केला, चौथ्याला उत्तर आलं: "दिवा पेटतोय का ते कृपया कळवावे."