सुगी की हिनोकी? आधी पाणी बघा

सुगी या झाडाला ‘जपानी देवदार’ म्हणतात, पण त्या नावावर जाऊ नका. सुगीचा हिमालयातल्या देवदाराशी जवळचा संबंध नाही. ते सायप्रेस वृक्षांच्या कुळातलं झाड, आणि हिनोकीही त्याच कुळातली. जपानमध्ये डोंगरउतारावर लागवड करायची असो की लाकडी घर बांधायचं असो, निवड बहुधा या दोघांतच करावी लागते. भावाआधी पाण्याचा हिशेब मांडा.

तिथल्या वनकऱ्यांची जुनी म्हण आहे: डोंगराच्या धारेवर पाइन, मधल्या उतारावर हिनोकी, घळीत सुगी. सुगीला खोल, ओलसर माती लागते. कोरड्या धारेवर तिची वाढ खुंटते. उलट, हिनोकी सुपीक ओलीत लावली तर बुंधा सुरईसारखा फुगतो, आणि सगळ्यात जास्त दाम देणारा खालचा ओंडकाच वाया जातो. दोन्हींची रूढ लागवड हेक्टरी सुमारे ३,००० रोपांची, आणि पहिली पाच-सहा वर्षं उन्हाळ्यात तण काढावंच लागतं. पुढे हिनोकीची विरळणी लांबवू नका. तिच्या खवल्यांसारख्या पानांचा गळून भुगा होतो, तो पावसात वाहून जातो आणि उघडी पडलेली माती त्याच्यामागे जाते. सुगीच्या सुया डहाळीसकट पडतात, म्हणून जमीन झाकलेली राहते.

लाकडातही तेच पाणी आडवं येतं. ताज्या तोडीच्या सुगीच्या गाभ्यात कित्येकदा कोरड्या लाकडाच्या वजनाहून जास्त पाणी असतं. घाईने वाळवलेला खांब वरून कोरडा, आतून ओला राहतो. घरात उभा केल्यावर तो आकसतो, तडकतो, सांधे सैल पडतात. खांब-तुळया घेताना ओलावा २० टक्क्यांच्या आत असल्याची खात्री करा, आणि मीटर आपल्यासमोर लावायला सांगा. हिनोकीचा गाभा मुळात बराच कोरडा असतो, त्यामुळे ती वाळवताना त्रास कमी.

वाळलेल्या सुगीची घनता पाण्याच्या साधारण ०.३८ पट, हिनोकीची ०.४४. आकडे जवळचे वाटतात, पण तुळईत फरक कळतो: सुगी जास्त लवते, म्हणून तिच्या तुळईची उभी जाडी वाढवावी लागते. घराच्या पायावर टेकणाऱ्या आडव्या लाकडांना आणि न्हाणीघराला हिनोकीचा गाभाच घ्या, महाग पडला तरी. बाहेरचा पांढरा भाग दोन्हींचा लवकर कुजतो.

जमिनीच्या फळ्यांना मात्र मी सुगीच सुचवेन. नखाने दाबलं तर खूण उठते, खुर्चीचे पायही उमटतात. पण थंडीत अनवाणी पायाला ती गार लागत नाही. बाहेरच्या भिंतीला पृष्ठभाग जाळून काळ्या केलेल्या सुगीच्या फळ्या, म्हणजे याकिसुगी, उत्तम. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याच्या, पिंपांच्या फळ्याही सुगीच्याच. उत्तम फळी लाल गाभा आणि पांढरं लाकूड यांच्या सीमेवरून काढतात: आत लाल, बाहेर पांढरी. तिथून पाझर कमी होतो.

बागेसाठी झाड निवडताना आधी कात्रीचा विचार करा. सुगीला जुन्या खोडावरूनही फुटवे येतात. क्योतोजवळच्या कितायामात एकाच बुंध्यावर अनेक सरळ खांब वाढवतात ते याच गुणावर. हिनोकीची फांदी हिरव्या पानांच्या मागे कापली तर तिथे पुन्हा पालवी येत नाही, भोक कायम राहतं. ‘एलेगान्स’ जातीची सुगी हिवाळ्यात तांबूस होते. तो रोग समजून औषध फवारू नका. घरात परागज्वर असेल तर मात्र दोन्ही नकोत. सुगीचे पराग साधारण फेब्रुवारीपासून उडतात, ते ओसरेपर्यंत हिनोकीचे सुरू होतात, आणि ज्याला एकाचा त्रास त्याला बहुधा दुसऱ्याचाही होतो.