ऑडसल स्टेडियम, ब्रॅडफर्ड : मैदान कोणाचे आणि किमतीचे किती?

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहराच्या दक्षिण भागात ऑडसल नावाचे रग्बी लीगचे, म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीचे, मैदान आहे. १९३४ पासून, मधली काही वर्षे सोडली तर, ब्रॅडफर्डचा संघ येथेच खेळत आला आहे. आधी तो ब्रॅडफर्ड नॉर्दर्न होता, १९९६ मध्ये सुपर लीग ही या खेळाची सर्वोच्च श्रेणी सुरू झाली तेव्हा ब्रॅडफर्ड बुल्स झाला. प्रेक्षकाच्या नजरेने या मैदानाला गुण द्यायचे झाले तर मी पाचपैकी तीन देईन. क्लबची मालमत्ता म्हणून द्यायचे झाले तर एकच, आणि तोही जुन्या पुण्याईवर.

आधी प्रेक्षकाची बाजू पाहू. ऑडसलची जागा म्हणजे मुळात एक खाण. तिचा पुढे शहराचा कचरा टाकण्यासाठी उपयोग होत होता आणि त्याच भरावातून, महापालिकेच्या सफाई खात्याच्या देखरेखीखाली, प्रेक्षकांसाठी उतरते बांध रचले गेले. त्यामुळे येथे आपण रस्त्यावरून पायऱ्या चढून प्रेक्षागारात जात नाही, तर कडेवर उभे राहून खाली पाहतो आणि मैदान एखाद्या मोठ्या कढईच्या तळाशी असल्यासारखे दिसते. कपडे बदलण्याच्या खोल्या वरच्या अंगाला असल्यामुळे पूर्वी खेळाडू प्रेक्षकांच्या मधून, लांबलचक पायऱ्या उतरत मैदानावर येत. सामना हरल्यावर त्याच पायऱ्या त्याच प्रेक्षकांमधून चढून जाणे ही वेगळी शिक्षाच असली पाहिजे. मैदानाभोवती स्पीडवेची, म्हणजे मोटारसायकल शर्यतींची, धावपट्टी असल्याने प्रेक्षक आणि खेळ यांत बरेच अंतर पडते, आणि आयताकृती मैदानाचे कोपरे अंडाकृती धावपट्टीत नीट बसत नसल्याची तक्रार जुनी आहे. नेमक्या त्याच कोपऱ्यात झेप घेऊन विंगर, म्हणजे कडेचा खेळाडू, ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) करतो, म्हणजे ही गैरसोय खेळाच्या ऐन मोक्याच्या जागी आहे. मुख्य प्रेक्षागार सोडले तर बराचसा भाग उघडा आहे, आणि ब्रॅडफर्डच्या उंचावरील पावसात व वाऱ्यात त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

एवढे असूनही तीन गुण का, याचे उत्तर ५ मे १९५४ या तारखेत आहे. लंडनच्या वेम्बलीवरचा चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना बरोबरीत सुटल्यामुळे वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांची फेरलढत ऑडसलला बुधवारी संध्याकाळी झाली आणि अधिकृत नोंदीप्रमाणे १,०२,५६९ लोक ती पाहायला आले. प्रत्यक्षात आत शिरलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी होती, असे आजही मानले जाते. वॉरिंग्टनने सामना ८-४ असा जिंकला. रग्बी लीगमधील गर्दीचा हा जागतिक विक्रम १९९९ मध्ये सिडनीत मोडेपर्यंत टिकला. आजच्या सुरक्षा नियमांत त्या गर्दीचा लहानसा अंशच येथे मावू दिला जातो, तरीही त्या उतारावर उभे राहिल्यावर आकडा खरा असावा, हे पटते.

आता मालकीकडे वळतो, कारण घोडे तेथेच अडते. ऑडसलची जमीन ब्रॅडफर्ड महापालिकेची आहे. क्लबकडे होता तो भाडेपट्टा, म्हणजे दीर्घ मुदतीचा वापरहक्क. अनेक चाहते ‘आमचे मैदान’ म्हणताना हा फरक विसरतात, आणि भावनेच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. पण बँकेच्या दारात उभे राहिल्यावर हाच फरक निर्णायक ठरतो. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्याकडे गहाण ठेवण्याजोगा असतो तो फक्त भाडेपट्टा. जानेवारी २०१२ मध्ये क्लबने तोही विकला. घेणारी संस्था रग्बी फुटबॉल लीग, म्हणजे या खेळाची इंग्लंडमधील नियामक संस्था होती, आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार व्यवहार सुमारे १२.५ लाख पौंडांचा होता. मैदान भलत्याच कोणाच्या हाती पडू नये, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला आणि तो प्रामाणिक होता, असे मी मानतो. परंतु व्यवहाराचा हिशेब वेगळ्या बाजूने मांडला तर दिसते ते असे, की क्लबने आपली एकमेव विकाऊ वस्तू देऊन काही महिन्यांचा श्वास विकत घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये चाहत्यांना मदतीचे आवाहन करावे लागले, जूनमध्ये क्लब प्रशासकांच्या, म्हणजे कर्जबाजारी कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्यांच्या, ताब्यात गेला, २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ च्या अखेरीस तीच वेळ आली आणि जानेवारी २०१७ मध्ये जुनी कंपनी मोडीत निघाली. नव्या कंपनीने दंड म्हणून उणे १२ गुणांनिशी हंगाम सुरू केला आणि संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. हा तोच संघ होता, ज्याने १९९७ ते २००५ या काळात चार वेळा सुपर लीगचे विजेतेपद मिळवले होते. भाडेपट्टा विकल्यामुळे क्लब बुडाला, असे मी म्हणणार नाही. बुडण्याची कारणे जुनी होती. मात्र संकटाच्या वेळी टेकायला जी भिंत असते, ती आधीच विकून झाली होती.

मग या मैदानाची किंमत नेमकी किती धरायची? बाजाराच्या भाषेत विचाराल तर उत्तर निराशाजनक आहे. कचऱ्याच्या भरावावर आणि खोल खड्ड्यात घरे किंवा दुकाने बांधायची तर आधी जमीनच घडवावी लागेल, आणि तो खर्च जागेच्या मोलातून वजा करावा लागेल. विगनच्या सेंट्रल पार्कची गोष्ट वेगळी होती: शहराच्या मध्यवर्ती भागातील ते मैदान १९९९ मध्ये क्लबने सोडले आणि तेथे टेस्कोचे सुपरमार्केट उभे राहिले. सेंट हेलन्सच्या नोजली रोडची जागा घरबांधणीला गेली आणि क्लब २०१२ मध्ये नव्या मैदानावर गेला. एकाच खेळातील हे दोन क्लब, दोघांनीही पिढ्यान्‌पिढ्यांचे घर विकले. पण विगनचा संघ शहरातील फुटबॉल क्लबबरोबर एका मैदानात नांदू लागला, तर सेंट हेलन्सने स्वतःचे घर बांधले. जुन्या मैदानाच्या पैशातून काय उभे राहते यावर सौद्याचा शहाणपणा ठरतो, आणि ऑडसलच्या बाबतीत तसा सौदा होण्याइतकी जागेची किंमतच नाही.

वापराचे मूल्य मात्र निश्चित आहे, आणि ते क्लब बाहेर पडल्यावरच कळते. २००१ आणि २००२ मध्ये पुनर्बांधणीच्या आशेने बुल्स फुटबॉल क्लबच्या व्हॅली परेडवर खेळले. पुनर्बांधणी झाली नाही आणि संघ परत आला. पुढे क्रीडानगरीची योजनाही आखली गेली आणि पैशाअभावी बारगळली. २०१९ चा हंगाम संपल्यावर ऑडसल परवडत नाही म्हणून क्लबने शेजारच्या ड्यूजबरीत बिऱ्हाड हलवले आणि २०२१ मध्ये पुन्हा येथेच परत आला. त्याच वर्षी स्टॉक कारच्या, म्हणजे एकमेकींना धडका देणाऱ्या मोटारींच्या, शर्यतीही येथे परतल्या. भाडे वाटून घेणारा जोडीदार मिळाला हे हिशेबाच्या दृष्टीने उत्तम, पण कोपऱ्यांची जुनी तक्रारही त्याबरोबर ताजी झाली.

इतरत्र काय चालते, तेही पाहण्यासारखे आहे. हडर्सफील्डचे मैदान १९९४ मध्ये उभे राहिले, तेव्हा ते चालवणाऱ्या कंपनीत महापालिका आणि फुटबॉल क्लब यांचे प्रत्येकी ४० टक्के आणि रग्बी लीग क्लबचे २० टक्के भाग ठेवले गेले. म्हणजे रग्बीवाल्यांना आवाज मिळाला, पण निर्णय नाही. ऑस्ट्रेलियात क्रोनला शार्क्स या क्लबची स्वतःच्या मालकीचे मैदान असलेला एनआरएल या तिथल्या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेतील एकमेव क्लब अशी ख्याती आहे आणि भोवतालच्या जमिनीवर घरे बांधण्याच्या प्रकल्पातून त्याने आपली बाजू सावरली. ब्रॅडफर्डकडे तशी मोकळी जमीन नव्हती. होता तो एक ऐतिहासिक खड्डा.

तेव्हा सामना पाहायला जाणाऱ्यांसाठी शिफारस अशी: पहिल्यांदा जात असाल तर मुख्य प्रेक्षागारातील छपराखालचे तिकीट घ्या, खेळ सुरू होण्याआधी अर्धा तास पोहोचा आणि आधी वरच्या कडेवरून एक फेरी मारा. गुडघे दुखणाऱ्यांनी परतीच्या चढणीचा विचार करून बसण्याची जागा शक्य तितकी वर निवडावी. जवळून खेळ पाहायचा असेल तर सेंट हेलन्सला जाणे बरे. आणि ब्रॅडफर्डच्या क्लबमध्ये कोणी पैसे गुंतवण्याचा विचार करत असेल, तर संघाची यादी पाहण्याआधी त्याने भाडेपट्ट्याचा कागद मागून घ्यावा आणि त्यात मुदत किती उरली आहे, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा आणि शर्यतींचे उत्पन्न कोणाच्या खात्यात जमा होते, हे तपासून पाहावे.