चहाच्या टेबलावर कळलेल्या तीन वस्तू : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या ऑफिसात चारचा चहा जरा लांबतो. या वर्षात घेतलेली, पाहिलेली किंवा ऐकलेली कुठली गोष्ट अजून वापरात आहे, ते प्रत्येकाने सांगायचं. कोणी वेब मालिका सांगतं, कोणी बुद्धिबळाचं ॲप, कोणी एअर फ्रायर. नियम एकच. वस्तू हातात मावणारी असेल तर ती सोबत आणायची, आणि कोणी मागितली तर शनिवार-रविवार वापरायला द्यायची.

गेल्या डिसेंबरात तिथे ऐकलेल्या तीन वस्तू (हेडफोन, ई-वाचक आणि दुर्बीण) मी आधी उसन्या नेऊन पाहिल्या आणि जानेवारीत विकत घेतल्या. आता नोव्हेंबर संपत आला आहे. तिन्हींबद्दल लिहिते, पण सगळ्यांवर सारखं लिहिण्यासारखं नाही.

आधी माझा दिवस सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. राहते डोंबिवलीत, ऑफिस ऐरोलीत. ठाण्याला गाडी बदलायची, मग दिघा, मग ऐरोली. जाऊन-येऊन दोन-अडीच तास. डोळ्यांवर चष्मा. घरी आई आणि मी.

पहिली वस्तू, आवाज कमी करणारे हेडफोन. टेस्टिंगमधल्या एका मुलाने आणले होते. यातले छोटे माइक बाहेरचा आवाज ऐकतात आणि त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडतात, त्यामुळे दोन्ही एकमेकींना खोडतात. एकसुरी घरघरीवर हे उत्तम चालतं : एसी, पंखा, गाडीच्या मोटारीचा घुमारा. माणसाचं बोलणं, हॉर्न, कुकरची शिट्टी मात्र दबकी का होईना, येतेच. लोकलसाठी घेत असाल तर थांबा. मी दोन आठवडे वापरले आणि गाडीत लावणं सोडून दिलं. फलाट बदलल्याची घोषणा ऐकू येत नाही, मागून ‘उतरायचंय का?’ विचारणारी बाई ऐकू येत नाही, आणि रस्ता ओलांडताना तर ते सरळ धोक्याचं आहे. मे महिन्यात कानांभोवती घाम साचायचा. ऑगस्टपर्यंत हेडफोनच्या कानांवरच्या गाद्यांचं आवरण सोलून निघालं. वेगळ्या गाद्या मागवून बसवल्या. ऑफिसात एसीखाली डोकं दुखायचं, ते मात्र थांबलं. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

दुसरी, ई-वाचक, म्हणजे फक्त ई-पुस्तकं वाचायचं पाटीसारखं उपकरण. हा हिशेब विभागातल्या मॅडमचा. त्यांचा मुद्दा मला पटला होता : ‘फोनवर वाचायला बसलं की वाचन सोडून सगळं होतं.’ ई-शाईच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्यावर एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो, आणि पान बदलेपर्यंत ते तसेच राहतात. म्हणून पान स्थिर असताना बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. माझा एक चार्ज, पडद्याचा दिवा मंद ठेवून, तीन आठवडे सहज पुरतो. उन्हात पडदा चमकत नाही, उलट जास्त स्पष्ट दिसतो. उभ्याने प्रवास करताना एका हाताने दांडा, दुसऱ्या हातात हा, असं जमतं.

मराठी वाचनाचं काय, हे मला सगळेच विचारतात. ई-पुस्तक म्हणून नीट तयार केलेलं पुस्तक असेल तर काही अडचण नाही. अक्षर मोठं करता येतं, जोडाक्षरं सुबक दिसतात, ओळी नव्याने मांडल्या जातात. पण आपल्याकडचा जुना मजकूर मोठ्या प्रमाणावर पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेला आहे. सहा इंची पडद्यावर तो वाचवत नाही. पान मोठं केलं की ओळ बाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. मला जुन्या मासिकांचे अंक वाचायचे होते, ते बाजूला ठेवावे लागले. तुमचं वाचन प्रामुख्याने स्कॅन केलेलं असेल तर दहा इंची पडद्याचा विचार करा. तरीही या वर्षी माझी एकोणीस पुस्तकं वाचून झाली. गेल्या काही वर्षांत चार-पाचच्या वर गेले नव्हते.

आता तिसरी. खरं तर हिच्यासाठीच लिहायला बसले.

आमच्या भांडार विभागात एक काका होते, मार्चमध्ये निवृत्त झाले. चहाला त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवीतून दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. आधीचे दोघं मालिकांबद्दल बोलले होते. काका म्हणाले, ‘माझी मालिका रोज सकाळी सहाला लागते, आमच्या मागच्या पिंपळावर.’ त्या शनिवारी दुर्बीण मी घरी नेली आणि पहिल्याच दिवशी निराश झाले. दोन वर्तुळं दिसत होती, कडा काळ्या, डोळे ओढल्यासारखे. सोमवारी काकांनी मला ऑफिसच्या गच्चीवर नेऊन बसवलं आणि दहा मिनिटांत सगळं नीट करून दिलं. ती दहा मिनिटं कुठल्याच खोक्यावर छापलेली नसतात, म्हणून इथे देते.

चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कड्या फिरवून पूर्ण आत घ्या. दोन्ही नळकांडी जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. मग उजवा डोळा मिटून, लांबच्या पाटीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून त्या डोळ्याला स्पष्ट करा. या कडीला डायॉप्टर म्हणतात. हे एकदाच करायचं. पुढे फक्त मधलं चाक. आणि पक्षी शोधायला दुर्बीण फिरवायची नाही. नजर पक्ष्यावर खिळवून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची.

मी ८×४२ घेतली, अकरा हजारांच्या आसपास पडली. आठ म्हणजे ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठाने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये हाच झोत जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणून पहाटे ती अंधारी वाटते. दहापट घ्यावी असं मलाही वाटलं होतं. काकांनी दोन्ही हातात दिल्या. दहापटीत हाताचं थरथरणंही तेवढंच मोठं दिसतं आणि दिसणारा परिसर आक्रसतो. नवख्याने आठच घ्यावी, असं माझंही मत आता ठाम आहे.

फेब्रुवारीत एका शनिवारी ऐरोलीच्या खाडीकाठी गेले. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. हे सगळं माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि सात वर्षांत मी तिथे गेले नव्हते. भरती चढू लागली, चिखल बुडत गेला आणि पक्षी हळूहळू काठाकडे सरकले. नुसत्या डोळ्यांना गुलाबी पट्टा दिसत होता. दुर्बिणीतून कळलं की त्यात रोहितच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, दोन जाती आहेत : उंच, फिकट, काळ्या टोकाच्या गुलाबी चोचीचा मोठा रोहित, आणि बुटका, गडद रंगाचा, काळपट लाल चोचीचा छोटा रोहित. चोच उलटी करून पाणी गाळताना त्यांच्या गळ्याची हालचाल दिसत होती. मी पाऊण तास जागची हलले नाही.

तोटे आहेत. साडेसहाशे ग्रॅम वजन मानेला टोचतं. मी दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा लावून घेतला, तो पहिल्या दिवसापासून घ्यायला हवा होता. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि दुर्बीण कायम त्यातच. एसीतून बाहेर आल्या आल्या काढली की काचेवर बाष्प धरतं, तेव्हा पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या. ओढणीने काच पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा. सूर्याकडे कधीही रोखू नका. आणि इमारतीत राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा. समोरच्या काकूंना मी त्यांच्या खिडकीत बघते असं वाटलं होतं. मी त्यांना वर बोलावून गुलमोहरावरचा तांबट दाखवला, तेव्हापासून त्यांची नात रविवारी येते.

सोबत फोनवर मर्लिन हे ॲप ठेवते, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं. फुकट आहे, पक्ष्यांची माहिती उतरवून ठेवली की नेटशिवाय चालतं, आवाज ऐकून नाव सुचवतं. सुचवतं, एवढंच धरायचं. डोळ्यांनी पाहून खात्री करायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे बाहेरून चढत्या सुरात हाक येत होती. मी फोन धरून उभी होते. आई आतून म्हणाली, ‘फोन कशाला? पावशा आहे तो. पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतोय.’ तिचं माहेर संगमेश्वराकडचं. हा आवाज ती लहानपणापासून ओळखते, पण एकाहत्तर वर्षांत पक्षी नीट कधी दिसलाच नव्हता, कारण तो पानांत लपून ओरडतो. वीस मिनिटं शोधल्यावर मला तो आंब्याच्या आतल्या फांदीवर सापडला. दुर्बीण तिच्या हातात दिली. ती म्हणाली, ‘हा तर शिक्रा.’ दिसायला तो खरंच त्या छोट्या शिकारी पक्ष्यासारखाच असतो, राखाडी पाठ, शेपटीवर पट्टे. मग त्याने चोच उघडली आणि तिने पहिल्यांदा त्याला ओरडताना पाहिलं. दुर्बीण खाली न घेता ती सगळी हाक संपेपर्यंत बघत राहिली.

आमच्या दोघींचे डोळे वेगळे, त्यामुळे उजवी कडी दर वेळी फिरवावी लागते. कडीवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले आहेत. लाल माझा, पांढरा आईचा.