महिन्याची एकच यादी, की संपेल तसं मागवायचं?

नुकताच संसार मांडलेल्या मैत्रिणीचा प्रश्न होता: ॲपवरून महिन्याचं वाणसामान एकदम भरावं, की संपेल तसं मागवावं?

आधी खर्च. संपेल तसं मागवताना पाकीट लहान येतं, आणि लहान पाकिटाचा किलोमागचा भाव बहुतेक वेळा जास्त पडतो. त्यात घरपोच देण्याचं शुल्क. ते वाचवायला किमान रक्कम गाठायची म्हणून नको असलेली वस्तू यादीत जाते; खरी गळती इथेच होते. सवलतीची टक्केवारी बघूच नका, किलोचा किंवा लिटरचा भाव बघा.

नासाडीत मात्र पारडं फिरतं. धान्य, तेल, साबण महिनाभर सहज टिकतात. पालेभाजी, दूध, फळं नाही. शिवाय एकगठ्ठा आलेल्या मालाची मुदत तपासून घ्यावीच लागते, कारण पाकीट आपण हाताने निवडलेलं नसतं.

कष्ट? यादीसाठी महिन्यातून एकदा सगळे डबे उघडून बघावे लागतात. मला ते काम मोलाचं वाटतं, कारण घरात काय आहे, किती आहे हे त्यातूनच कळतं. सतत मागवणाऱ्या घरात ही नजर हळूहळू जाते, आणि ॲप ज्याच्या फोनवर, त्याच्याच डोक्यावर सगळा भार येतो.

माणसं जास्त, स्वयंपाक रोजचा आणि साठवायला जागा असेल, तर यादीच बरी. एकट्याने राहणाऱ्याने, जेवायच्या वेळा ठरलेल्या नसतील त्याने थोडं थोडं मागवावं. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर कोरडा माल यादीने आणि नाशवंत लागेल तसा.